पशुवैद्यांनी लिहून दिलेली खाद्याची पिशवी: सल्ला कोणाचा मानावा?

प्रश्न: रामबागेतील वाचक, इंदूर

नमस्कार. आमची कुत्री ठकी नऊ वर्षांची आहे. सासूबाईंनी तिला पहिल्यापासून दूध-पोळी, वरण-भात आणि आठवड्यातून दोनदा उकडलेले अंडे यांवर वाढवले, आणि आजवर तिला मोठे दुखणे कधी झाले नव्हते. गेल्या महिन्यात ती एकसारखी पाणी पिऊ लागली, रात्री दोन-तीनदा अंगणात जाण्यासाठी दार ओरबाडू लागली आणि तिचे जेवणावरून मन उडाले, म्हणून तिला डॉक्टरांकडे नेले. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे ज्याचा निचरा करतात ते द्रव्य) २.६ आणि फॉस्फरस ५.८ निघाले, लघवी पातळ होती, आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आक्रसलेली दिसली. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा जुनाट विकार, दुसरा टप्पा, असे निदान केले. घरचे अन्न पूर्ण बंद करून एका ठरावीक कंपनीचे मूत्रपिंडविकारासाठीचे कोरडे खाद्य लगेच सुरू करायला त्यांनी सांगितले.

ते खाद्य त्यांच्याच दवाखान्याच्या काउंटरवर मिळते. दोन किलोच्या पिशवीला साधारण दोन हजार रुपये पडतात आणि ठकीला महिन्याला तीन पिशव्या लागतील. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला हा खर्च जड आहे, तरीही तिच्यासाठी तो आम्ही करू. मला खटकले ते वेगळेच. दवाखान्यातले वजनाचे यंत्र, भिंतीवरचे घड्याळ, कुत्रा जाड आहे की बारीक हे दाखवणारा तक्ता, इतकेच काय, डॉक्टरांच्या हातातले पेनसुद्धा त्याच कंपनीच्या नावाचे होते. दुसऱ्या एखाद्या कंपनीचे असेच खाद्य चालेल का, असे विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "हेच द्या, बाकीच्यांवर माझा भरवसा नाही." कारण त्यांनी सांगितले नाही, आणि पुन्हा विचारण्याचा धीर मला झाला नाही.

डॉक्टरांच्या सचोटीविषयी माझ्या मनात किल्मिष नाही, हे मुद्दाम लिहिते. आमच्या आधीच्या कुत्र्याला पार्व्हो हा विषाणूचा आजार झाला होता तेव्हा हेच गृहस्थ रात्री अकरा वाजता स्कूटरवरून घरी येऊन सलाइन लावून गेले होते. परंतु घरी आल्यावर मी जे वाचले त्याने अस्वस्थ झाले. पेडिग्री आणि रॉयल कॅनिन ही दोन्ही नावे मार्स या एकाच कंपनीची आहेत, आणि याच मार्सने २०१७ साली अमेरिकेतील व्हीसीए ही पशुरुग्णालयांची मोठी साखळी सुमारे ९०० कोटी डॉलर देऊन विकत घेतली. म्हणजे खाद्य बनवणारा, खाद्य लिहून देणारा आणि खाद्य विकणारा यांचा मालक तिकडे एकच असू शकतो. इथे इंदुरात तसे नसेल. पण मग इथला प्रभाव कोणत्या वाटेने येतो, आणि तो आला असेल तर सल्ला टाकून द्यायचा की त्यातले खरे तेवढे निवडून घ्यायचे, हे मला कळत नाही. डॉक्टरांचा अपमान न होता हे कसे विचारावे, आणि घरच्या अन्नावर ठकीला सांभाळणे शक्य आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर: निवृत्त पशुवैद्य, महू

ताई, मी मध्य प्रदेश शासनाच्या पशुवैद्यकीय सेवेत चौतीस वर्षे होतो. आज माझा कोणत्याही दवाखान्याशी वा कंपनीशी व्यवहार नाही. सेवेत असताना मात्र खाद्य आणि औषध कंपन्यांच्या खर्चाने झालेल्या परिसंवादांना मी गेलो आहे आणि तिथे जेवलोही आहे. हे आधी सांगतो, कारण पुढचे माझे म्हणणे तुम्ही त्यासह तोलावे.

निकडीची गोष्ट आधी. ठकीचा आहार बदलण्याचा सल्ला योग्य आहे आणि कंपनीविषयीच्या शंकेपायी तो लांबवू नका. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्या ३८ कुत्र्यांवर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झालेली एक चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. काहींना नेहमीचे खाद्य आणि बाकीच्यांना मूत्रपिंडविकारासाठीचे खाद्य देऊन त्यांच्यावर दोन वर्षांपर्यंत लक्ष ठेवले गेले, आणि दुसऱ्या गटातले कुत्रे रक्तात विषारी द्रव्ये साचून अत्यवस्थ होण्यापासून पुष्कळ काळ दूर राहिले. नेहमीचे खाद्य खाणाऱ्यांतले निम्मे १८८ दिवसांहून अधिक जगले, तर या दुसऱ्या गटातले निम्मे ५९४ दिवसांहून अधिक. आहाराने इतका फरक पडणारे विकार आमच्या शास्त्रात फार थोडे आहेत. तुमच्या अहवालातला फॉस्फरस ५.८ आहे आणि या टप्प्यावर तो ४.६ च्या खाली ठेवावा असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. दूध आणि अंड्याचा बलक यांत फॉस्फरस भरपूर असतो, तेव्हा ते थांबवणे भागच होते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रभाव म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर पाकीट येते. माझ्या अनुभवात पाकीट क्वचितच असते. जे असते ते त्याहून खोल आहे आणि म्हणून त्याची मला अधिक काळजी वाटते. आपल्याकडचे पशुपोषणाचे शिक्षण मुख्यतः गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्याभोवती उभे राहिले, आणि शेतीप्रधान देशात ते तसेच असणे स्वाभाविक होते. गव्हाच्या काडावर युरियाची प्रक्रिया कशी करावी, मुरघास कसा घालावा, दुभत्या म्हशीला खुराक किती आणि खनिज मिश्रण किती, हे मला आजही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. कुत्र्या-मांजरांचा आहार आमच्या वाट्याला अगदी थोडा आला. पुढे शहरांत घरोघरी लॅब्रडोर आणि पर्शियन मांजरे आली, लोक आहाराविषयी विचारू लागले, आणि त्या वेळी आमच्या दारात ज्ञान घेऊन जो आला तो कंपनीचा माणूस होता. त्याने दिलेली पुस्तिका सुबक होती, व्याख्याता विद्वान होता, आणि त्यात सांगितलेले बहुतेक सारे खरेही होते. परंतु ज्याने शिकवले त्याच्याच मालाची भाषा डॉक्टरांच्या तोंडी बसली, आणि दुसरी भाषा त्यांना कोणी शिकवलीच नाही. तुमच्या डॉक्टरांचे "हेच द्या" हे त्या शिक्षणातून आले असण्याचा संभव मला लोभापेक्षा अधिक वाटतो.

हा गुंता आजचा नाही, आणि योगायोग असा की तो मूत्रपिंडाच्याच दुखण्यापासून सुरू होतो. १९३९ साली न्यू जर्सीतील पशुवैद्य मार्क मॉरिस यांच्याकडे मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थाचा मार्गदर्शक श्वान आला. त्याची मूत्रपिंडे निकामी होत होती, आणि मॉरिस यांनी त्याच्यासाठी स्वतः एक खाद्य तयार केले. मागणी वाढल्यावर १९४८ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका गावच्या हिल पॅकिंग कंपनीशी त्यांनी करार केला. आजची हिल्स ही खाद्यकंपनी ती हीच, आणि १९७६ पासून त्याची मालकी कोलगेट-पामोलिव्हकडे आहे. रॉयल कॅनिनसुद्धा १९६८ साली फ्रान्समधील एका पशुवैद्यानेच काढली. सांगायचे असे की, हा धंदा दवाखान्याच्या पोटातूनच जन्मला, त्यामुळे त्यांच्यातली नाळ कापणे औषध कंपन्यांच्या बाबतीत आहे त्यापेक्षाही अवघड आहे.

कंपनीचे ज्ञान खरे असले तरी अपुरे असू शकते, याचे मला सर्वांत बोचणारे उदाहरण मांजरांचे वाटते. हृदयाचे स्नायू पातळ होऊन फुगल्याने मांजरे मरत, आणि त्याचे कारण कोणाला ठाऊक नव्हते. १९८७ साली डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, त्यांच्या अन्नात टॉरीन हे द्रव्य कमी पडत होते. यांतली कित्येक मांजरे बाजारातले "संपूर्ण व संतुलित" असे लिहिलेले खाद्य खात होती. शोध विद्यापीठातून आला, आणि तो आल्यावर कंपन्यांनी टॉरीन वाढवले व तो आजार झपाट्याने कमी झाला. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या "संपूर्ण व संतुलित" शब्दांमागे काय असते, तेही पाहा. अमेरिकेतील आफको या संस्थेच्या पद्धतीनुसार प्रौढ कुत्र्यांच्या खाद्याची आहारचाचणी किमान आठ कुत्र्यांवर २६ आठवडे चालते. निष्काळजीपणे बनवलेले खाद्य तिच्यात उघडे पडते, परंतु दहा वर्षे तेच खाऊन काय होईल याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. शिवाय घटकांचे आकडे कागदावर जुळवूनही हे शब्द लिहिता येतात. प्रत्येक पिशवीमागे चाचणी झालेली असतेच असे नाही.

आता कसे विचारावे ते. माणसांच्या औषधात डॉक्टरांनी कंपनीचे नाव न लिहिता मूळ औषधाचे नाव लिहावे, असा आग्रह आपल्याकडे धरला जातो. तसेच आहाराचे करावे. डॉक्टरांना म्हणावे, "साहेब, ठकीच्या अन्नात फॉस्फरस, प्रथिने आणि मीठ किती असावे, ते मला दर १००० किलोकॅलरीमागे लिहून द्या." दर किलोकॅलरीचे माप यासाठी की कोरड्या आणि ओल्या खाद्यातले पाणी वेगवेगळे असते आणि पिशवीवरच्या टक्क्यांची सरळ तुलना फसवते. या प्रश्नात संशय नाही, त्यामुळे अपमानही नाही. आकडा मिळाला की त्यात बसणारी दोन-तीन खाद्ये आपोआप समोर येतील. मग विचारा, "यांतले हेच का?" आणि ते उत्तर नीट ऐका. त्यांना आकडा ठाऊक नसेल तर कंपनीकडून मागवता येतो. पिशवीवर बहुधा प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा एवढेच असते, आणि फॉस्फरसचा आकडा द्यायला जी कंपनी टाळाटाळ करील तिचे मूत्रपिंडाचे खाद्य न घेणे बरे.

उत्तर: माजी विक्री प्रतिनिधी, विजयनगर

डॉक्टरसाहेबांनी पाकिटाविषयी लिहिले ते बरोबर आहे. एका खाद्यकंपनीसाठी मी सहा वर्षे इंदूर, देवास, उज्जैन आणि रतलाम हा टापू फिरलो. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळ्यांचे चालणे सारखेच होते.

दवाखान्यात आम्ही काय घेऊन जात होतो ते सांगतो. दहा पिशव्यांवर एक मोफत, ही योजना बाराही महिने असे. नव्या दवाखान्याला वजनाचे यंत्र आणि खाद्य मांडायची लोखंडी घडवंची आम्ही देत असू. डॉक्टरांच्या स्वतःच्या कुत्र्याचे खाद्य सवलतीत किंवा फुकट मिळे. वर्षभराचे लक्ष्य गाठणाऱ्यांना एखाद्या परिषदेचे शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळे. यांपैकी कशानेही कोणी डॉक्टर चुकीचे औषध लिहील, असे मला कधी वाटले नाही. परंतु पहिल्या लसीला आलेल्या पिल्लाच्या मालकाला आमची छोटी मोफत पिशवी डॉक्टरांच्या हातून मिळाली की तो मालक पुढची दहा वर्षे आमचा होई. कंपनीच्या बैठकांत याच एका गोष्टीवर सर्वाधिक वेळ जात असे. पिशवी आम्ही वाटली असती तर ती जाहिरात ठरली असती. डॉक्टरांनी दिली की तिचा सल्ला होतो.

व्याख्यानांचे म्हणाल तर पाऊण तासातला पहिला अर्धा तास शुद्ध शास्त्राचा असे, आणि तो खरोखर चांगला असे. मी वाणिज्य शाखेचा माणूस, तरी फॉस्फरस आणि मूत्रपिंड यांचा संबंध मला तिथेच समजला. शेवटच्या पंधरा मिनिटांत आमचा माल यायचा, आणि आधीच्या शास्त्राची सगळी पत त्याला आपसूक लाभायची.

एक गोष्ट मात्र ग्राहकांच्या बाजूनेही सांगायला हवी. तीनशे रुपये तपासणी फी देताना लोक कुरकुरतात, फोनवर फुकट सल्ला मागतात, आणि दोन हजारांची पिशवी मुकाट्याने घेऊन जातात. जागेचे भाडे, मदतनीसाचा पगार आणि एक्स-रे यंत्राचा हप्ता यांतला बराच भाग त्या पिशवीच्या नफ्यातून निघतो, हे मी अनेक दवाखान्यांत जवळून पाहिले आहे. आहारावर अर्धा तास समजावून सांगण्याचे वेगळे पैसे द्यायला आपण तयार असलो, तर त्या अर्ध्या तासासाठी डॉक्टरांना पिशवीवर विसंबावे लागणार नाही.

उत्तर: बालरोगतज्ज्ञ, साकेत

हा विषय माझ्या शाखेने जवळून भोगलेला आहे म्हणून लिहितो. बाळाच्या दुधाच्या भुकटीचे डबे एके काळी प्रसूतिगृहांत असेच फुकट येत, भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रे लागत आणि परिषदांचा खर्चही त्याच कंपन्या करीत. १९९२ साली भारताने त्याविरुद्ध कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. आज अशी कंपनी आरोग्यसेवकाला भेट देऊ शकत नाही, की त्याच्या परिषदेचा, अभ्यासक्रमाचा वा संशोधनाचा खर्चही उचलू शकत नाही. कायदा पुष्कळदा मोडला जातो हे खरे. परंतु घेणाऱ्याला आपण काहीतरी वावगे घेतो आहोत हे कळते, आणि माझ्या मते एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेण्यावर डॉक्टरांना २००९ मध्ये आचारसंहितेने मनाई झाली.

पशुवैद्यांचे नियमन १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली होते आणि त्यांची आचारसंहिता १९९२ ची आहे, म्हणजे डबाबंद खाद्याचा बाजार आपल्याकडे वाढण्याच्या आधीची. अमेरिकेतही चित्र फार निराळे नाही. कोणत्या डॉक्टरला कंपनीने किती दिले हे जाहीर करायला लावणारा २०१० चा तिथला कायदा माणसांच्या वैद्यकसेवेपुरता आहे आणि पशुवैद्य त्यातून बाहेर राहिले आहेत. "एका जेवणाने माझे मत थोडेच बदलते?" असे आम्हीही म्हणत असू. त्याच कायद्याने उघड झालेल्या नोंदींवरून २०१६ साली जवळपास २ लाख ८० हजार डॉक्टरांचा अभ्यास झाला. कंपनीकडून वीस डॉलरहून स्वस्त असे एकच जेवण घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरही त्या कंपनीचे औषध अधिक आढळले. जेवणामुळेच तसे झाले हे त्यातून सिद्ध होत नाही, परंतु आपण अलिप्त आहोत ही आपलीच खात्री पुरेशी नाही, एवढे मी त्यातून घेतले.

उत्तर: सुदामानगर

माझा सल्ला सरळ आहे. मोठ्या कंपन्यांनी डॉक्टरांना बांधून घेतले असेल तर त्यांच्याकडे जायचेच कशाला? आम्ही आमच्या गोल्डन रिट्रीव्हरला दोन वर्षांपासून एका छोट्या परदेशी कंपनीचे धान्यविरहित खाद्य देतो. त्यात गहू-मका नाही, मटार आणि मसूर आहेत. ही कंपनी डॉक्टरांमार्फत काही विकत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

उत्तर: निवृत्त पशुवैद्य, महू

दादा, तुमचा राग मला समजतो, परंतु हा निष्कर्ष धोक्याचा आहे आणि तुमच्या गोल्डनच्या काळजीने तो खोडतो. जी कंपनी डॉक्टरांमार्फत विकत नाही ती इंटरनेटवरून, भीती दाखवून विकते; विकणारा दोन्हीकडे आहेच.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये सावध केले की, मटार, मसूर किंवा बटाटे प्रमुख घटक असलेली खाद्ये खाणाऱ्या कुत्र्यांत हृदय फुगण्याचा आजार नोंदवला जात आहे, आणि त्यांत एरवी हा आजार न होणाऱ्या जातीही आहेत. एप्रिल २०१९ अखेर कुत्र्या-मांजरांच्या मिळून अशा ५२४ नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या, आणि गोल्डन रिट्रीव्हर त्यांत ठळकपणे होते. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने सांगितले की, केवळ नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही आणि अर्थपूर्ण नवी माहिती मिळेपर्यंत नियमित निवेदने काढली जाणार नाहीत. धोक्याची सूचना देणाऱ्या काही पशुवैद्यांचे मोठ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, आणि ते त्यांनी आपल्या लेखांत नोंदवलेलेही होते. धान्यविरहित खाद्यवाल्यांनी त्यावर बोट ठेवले. ते बोट ठेवणे रास्त होते. पण संबंध दाखवल्याने आजारी कुत्र्यांचे हृदय बरे झाले नाही, आणि धान्यविरहित खाद्य निर्दोषही ठरले नाही. सांगणाऱ्याचे हितसंबंध पाहून पुराव्याची अधिक कसून तपासणी करावी. पुरावा न पाहता तो फेकू नये. तुम्ही एकदा कुत्र्याच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

याच ओघात आणखी एक सांगतो. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेने २०११ मध्ये आहाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खाद्य बनवणाऱ्याला काय विचारावे, याचे त्यांतले प्रश्न उत्तम आहेत: खाद्याचे सूत्र कोणी केले, त्याची पात्रता काय, कारखाना स्वतःचा आहे का, प्रत्येक घाण्याची तपासणी होते का. मोठ्या खाद्यकंपन्या याच संघटनेच्या भागीदार आहेत आणि या प्रश्नांची उत्तरे देणे त्यांनाच सर्वांत सोपे जाते, हे उघड आहे. तरीही ते प्रश्न मी विचारतो, कारण २००७ साली मेलामाइनची भेसळ असलेल्या गव्हाच्या ग्लुटेनने अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा अनेक कंपन्यांचे खाद्य एकाच कंत्राटी उत्पादकाकडून येत होते, हे ग्राहकांना त्यानंतरच कळले.

उत्तर: स्नेहलतागंज

घरच्या अन्नाविषयी माझा अनुभव लिहिते, कारण ताईंनी विचारले आहे. पाच वर्षांपूर्वी मी अशाच संतापाने पिल्लाचे विकतचे खाद्य बंद केले आणि इंटरनेटवरच्या एका कृतीप्रमाणे कोंबडी, भात, गाजर आणि दुधी असे रोज प्रेमाने शिजवून घातले. चौथ्या महिन्यात ते लंगडू लागले आणि पायऱ्यांवरून उतरताना त्याचा मागचा पाय मोडला. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, त्यामुळे शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेत होते, असे निदान झाले. पाय जुळला, पण त्या दुपारचे त्याचे कळवळणे मी विसरलेले नाही.

नंतर वाचनात आले की, डेव्हिसच्याच विद्यापीठाने कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती कृती तपासल्या होत्या. तो अभ्यास २०१३ चा आहे. त्यांतल्या ९५ टक्के कृतींत एखादे तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी होते. म्हणून घरचे अन्न वाईट असे मी म्हणणार नाही; आज माझा कुत्रा घरचेच खातो. फरक इतकाच की, कृती पशुपोषण शिकलेल्या व्यक्तीने त्याच्या वजनावरून ग्रॅममध्ये लिहून दिली आहे, तिच्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड मोजून पडते, आणि मी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी वेगळा काटा ठेवला आहे. ठकीच्या आजारात तर माप आणखी काटेकोर लागेल. सासूबाईंच्या हाताची सवय तिथे चालणार नाही, हे त्यांना प्रेमाने सांगावे लागेल.

मूळ प्रश्नकर्तीचे निवेदन

सर्वांची आभारी आहे. परवा दुपारी गर्दी नसताना दवाखान्यात गेले, आधी तपासणी फी भरली आणि मगच म्हटले की आज फक्त आहाराविषयी विचारायचे आहे. महूच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलेला प्रश्न मी शब्दशः विचारला. आमचे डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले की, त्यांच्या खाद्यातला फॉस्फरस कमी आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण नेमका आकडा त्यांना सांगता येणार नाही. त्यांनी माझ्यासमोर कंपनीच्या माणसाला फोन लावला. मग स्वतःहून दुसऱ्या एका कंपनीलाही लावला. संध्याकाळपर्यंत दोन्ही आकडे आले आणि त्यांच्यात फार अंतर निघाले नाही. दुसरे खाद्य पिशवीमागे चारशे रुपयांनी स्वस्त आहे.

मग "हेच का?" असे विचारले. ते म्हणाले की, दुसरे खाद्य इंदुरात मध्येच दोन-दोन महिने मिळेनासे होते. मागच्या वर्षी त्यांच्या दोन रुग्णांचे खाद्य असेच एकाएकी बदलावे लागले, आणि आधीच मळमळणाऱ्या त्या कुत्र्यांनी खाणेच सोडले. हे कारण मला पटले. ते पहिल्याच दिवशी सांगितले असते तर मी इतकी तळमळले नसते, असेही मी त्यांना म्हटले, आणि त्यांनी ते मान्य केले. वजनाच्या यंत्राचा विषय मी काढला नाही. ते त्यांनीच काढले: दवाखाना उघडला तेव्हा ते विकत घेण्याची ऐपत नव्हती, एवढेच म्हणाले.

तूर्त पहिलेच खाद्य कोमट पाण्यात भिजवून देते आहे आणि ठकी पाऊण वाटी संपवते. दोन महिन्यांनी फॉस्फरस पुन्हा तपासायचा आहे. तो ४.६ च्या खाली आला आणि दुसऱ्या खाद्याचा पुरवठा तोवर नियमित झाला, तर आठवडाभर दोन्ही मिसळून हळूहळू बदल करू, असे ठरले. घरच्या आहारासाठी महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पोषण विभागात विचारावे, ही सूचनाही त्यांनीच केली. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी मात्र राहून गेली होती. तिचा नमुना मंगळवारी सकाळी द्यायचा आहे. आकडा आला की इथेच लिहीन, महूच्या डॉक्टरसाहेबांनी तेवढा पाहावा.